दोनशे ब्याऐंशी मीटर उजवीकडे

कानसेनला खरीखुरी तोफ ऐकायला वयाची चौतिशी उजाडावी लागली. तोवर त्याने संगणकावर काही हजार तोफा उडवल्या होत्या, पण त्यांतल्या एकीनेही कधी हूं की चूं केलं नव्हतं. तोफांवर संशोधन करणाऱ्या त्याच्या संस्थेतली माणसं त्याला कानसेन म्हणायची, कारण तो दिवसभर हेडफोन लावून कुठले कुठले ध्वनिमुद्रित धडाके ऐकत बसलेला असायचा. घरी त्याची बायको म्हणायची, "कसले डोंबलाचे कानसेन, दारावरची बेल चारदा वाजली तरी उठत नाहीत."

काम काय होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. शत्रूची तोफ डोंगराआड लपलेली असते. ती दिसत नाही, पण उडाली की ऐकू येते. मोकळ्या माळावर चार किलोमीटरच्या रांगेत सहा मायक्रोफोन ठेवायचे. आवाज एकाला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा उशिरा, तिसऱ्याला आणखी उशिरा. घरात कुठेतरी भांडं पडलं आणि कोणत्या खोलीतल्या माणसाने आधी मान वळवली हे कळलं, तर भांडं कुठे पडलं ते सांगता येतं, त्यातलाच प्रकार. वेळा अगदी बारीक मोजायच्या आणि त्यांच्यातल्या फरकांवरून तोफेची जागा काढायची. अडचण वाऱ्याची. वारा आवाजाला आपल्याबरोबर ओढत नेतो. आठ किलोमीटर यायला आवाजाला तेवीस-चोवीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात वारा त्याला शे-दीडशे मीटर बाजूला सरकवून मोकळा होतो. ते सरकणं गणितातून वजा करावं लागतं, नाहीतर तोफ एकीकडे आणि आपलं बोट भलतीकडे.

कानसेनने यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. एकट्याने, तीन वर्षं खपून. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग लुटुपुटूच्या तोफा उडवायचा, त्यांचा आवाज लुटुपुटूच्या वाऱ्यातून न्यायचा आणि सहा मायक्रोफोनवर कधी पोचला ते लिहून ठेवायचा. दुसऱ्या भागाला तोफेची जागा माहीत नसायची, त्याने फक्त त्या सहा वेळा बघून ती हुडकायची. मग दोन्ही जागा शेजारी शेजारी ठेवून बघायचं, किती चुकलं. चुकायचं फार तर वीस मीटर. वारा कुठूनही सोडा, कितीही सोडा, वीस मीटर. संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, त्यांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गडी आठवडाभर जमिनीवर नव्हता.

आता बघा, पेपर काढणारा हाच, सोडवणारा हाच आणि तपासणाराही हाच. इतकी शिकलीसवरलेली माणसं तिथे बसली होती, पण हे एकालाही खटकलं नाही. कानसेनला तर नाहीच नाही.

खऱ्या तोफांवर चाचणी ठरली तेव्हा माळावरची आखणी मोजणीदाराकडे आली. हा माणूस कानसेनपेक्षा दहा वर्षांनी मोठा. संस्थेतली सगळी मोजमापं त्याच्या हातची, म्हणून त्याचं नावच मोजणीदार पडलं होतं. कानसेन त्याला दादा म्हणायचा. दादा म्हणजे एक नंबरचा चिकट माणूस. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं असलं तरी खिळ्याची जागा तीनदा मोजणार. लोक वैतागायचे, पण त्याने ठोकलेली खुंटी कधी बोटभरही हललेली निघाली नव्हती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

सहा मायक्रोफोनांची जागा नुसती मोजून भागत नाही, सगळ्या रांगेला उत्तर दिशा नक्की लागते. होकायंत्र जी उत्तर दाखवतं ती जरा तिरकी असते. त्या माळावर ती खऱ्या उत्तरेपासून दोन अंश सरकलेली होती. म्हणून खरी उत्तर काढायची तर सूर्य बघावा लागतो. दुर्बिणीला काळी काच लावायची, सूर्य बरोबर दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर आला की घड्याळ बघायचं, कोन लिहायचा. चाचणीच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दादाने ते केलं. कानसेन तिथेच, चार हातांवर, एका खोक्यावर बसून संत्रं सोलत होता. दादाचा डावा डोळा उजेडाने पाणावलेला, तोंडाने सेकंद मोजणं चाललेलं, हे सगळं त्याने बघितलं. वहीत कोन लिहून झाल्यावर दादाने ती त्याच्यापुढे धरली. अशा निरीक्षणाला साक्षीदाराची सही लागते, तसा नियमच होता.

"एक सही ठोक रे इथे."

"हात चिकट झालेत, दादा. नंतर करतो."

"कर हं आठवणीने," दादा म्हणाला आणि वही बगलेत मारून पुढच्या खुंटीकडे गेला. नंतर गाड्या आल्या, तारा ओढायच्या होत्या, तोफखान्याचे अधिकारी आले. सही राहून गेली ती राहूनच गेली.

दुपारी तोफा उडाल्या. आवाज आधी पायातून आला आणि मग कानात, आणि कानसेनच्या हातातली पेन्सिल खाली पडली. तासाभरात तीन जागांवरून तीन तोफा उडाल्या. प्रोग्रामने तिन्हींची उत्तरं काढली. तिन्ही चुकली. वीस मीटरने नव्हे, सरासरी दोनशे ब्याऐंशी मीटरने, आणि तिन्ही वेळा उजवीकडे. एका अधिकाऱ्याने नकाशाची गुंडाळी केली आणि घड्याळ बघितलं. तेवढ्याने कानसेनचं तोंड उतरलं. संध्याकाळी खुंट्या उपटून गाडीत टाकल्या आणि मंडळी परतली.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी दुपारी कानसेन उपाहारगृहात जेवत होता. समोर हवामानवाला येऊन बसला. चाचणीच्या दिवशी फुगा सोडून वारा मोजायचं काम त्याचं होतं. तो आपला रडगाणं गात होता, की फुगा पार उजवीकडे गेला, तारांच्या कुंपणाला अडकला, आणि तो आणायला मला अर्धा मैल धुळीतून चालत जावं लागलं, तुम्हा लोकांना काय त्याचं. कानसेनचा घास तोंडातच राहिला. फुगा उजवीकडे गेला होता, म्हणजे वारा डावीकडून येत होता. आणि प्रोग्राममधला वारा तर डावीकडे वाहत होता.

तो ताट तसंच टाकून उठला. जागेवर जाऊन त्याने ती ओळ काढली. हवामानवाले वाऱ्याचा जो कोन लिहितात तो वारा ज्या दिशेने येतो तिचा. सगळ्या जगात तसाच लिहितात. कानसेनने तीन वर्षांपूर्वी धरलं होतं, वारा ज्या दिशेला जातो तिचा. एका अधिक-उणे चिन्हाचा प्रश्न. लुटुपुटूच्या तोफा उडवणाऱ्या भागात त्याने वारा उलटा वाहवला होता आणि शोधणाऱ्या भागातही उलटाच, त्यामुळे एक चूक दुसरीला झाकून टाकत होती आणि उत्तर दरवेळी वीस मीटरवर येत होतं. खरा वारा मात्र त्याला विचारून वाहत नव्हता. त्याने दोन्हीकडचं चिन्ह बदललं आणि मंगळवारची तिन्ही ध्वनिमुद्रणं पुन्हा घातली. एक उत्तर पंचवीस मीटरवर आलं, एक अठरावर, एक तीसवर. म्हणजे दादाच्या खुंट्या बरोबर जागीच ठोकलेल्या होत्या.

बदल केला की त्याची नोंद करावी लागते. नोंदवहीत कानसेनने लिहिलं, "किरकोळ सुधारणा," आणि खाली त्या गुरुवारची तारीख घातली.

मी त्याची बाजू घेणार नाही. फक्त एवढं सांगतो, की सोमवारी चौकशी समितीसमोर जाताना सांगून टाकायचं असं त्याने ठरवलेलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती. पण खोलीत पाऊल टाकतो न टाकतो तोच साहेब म्हणाले, "या, बसा. तुमच्या प्रोग्रामबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. दोनशे ब्याऐंशी मीटर म्हणजे आठ किलोमीटरवर बरोबर दोन अंश होतात. आणि होकायंत्राची उत्तर तिथे बरोबर दोन अंशांनी तिरकी आहे. सरळच आहे की. मोजणीदारांनी सूर्य बघितलाच नाही, होकायंत्रावर भागवलं."

गणित इतकं चपखल बसलं होतं की कानसेनलाच क्षणभर ते पटलं. दादा समोरच्या खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "साहेब, मी सूर्य बघितला होता. वहीत आहे."

"वहीत तुम्ही घरी बसूनही लिहू शकता," साहेब म्हणाले. "साक्षीदाराची सही कुठे आहे?"

"हा होता ना तिथे."

सगळ्यांनी कानसेनकडे बघितलं. या एका उत्तराने नोकरी जाणार नव्हती, पगार कापला जाणार नव्हता, हे मुद्दाम सांगतो. फार तर लोक म्हणाले असते, एवढ्या टाळ्या घेतल्या आणि वारा उलटा लावला. प्रश्न होता फक्त नाकाचा. आणि तेवढ्या नाकासाठी हा माणूस म्हणाला, "मी तिथे होतो, साहेब, पण माझं नीट लक्ष नव्हतं. होकायंत्र होतं की काय होतं, ते नाही सांगता येणार."

बाहेर व्हरांड्यात दादाने त्याला गाठलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो विचारात पडल्यासारखा म्हणाला, "आठवत नाही का रे तुला? संत्रं खात होतास बघ तू."

"गडबडीत होतो, दादा."

"हो, गडबड होती खरी," दादा म्हणाला. "असू दे."

खापर फुटलं ते दादाच्या डोक्यावर. त्याला माळावरच्या कामातून काढून तळमजल्यावर उपकरणांच्या कोठारात बसवलं. वर आणखी एक गंमत बघा. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, नव्या मोजणीदाराने आखणी केली आणि दुरुस्त प्रोग्रामने उत्तरं पंचवीस मीटरवर आणली. मग काय, शंकेला जागाच उरली नाही. जुना मोजणीदार होता तेव्हा चुकलं, नवा आला तेव्हा जमलं. कोठारात जाऊन कुणी दुर्बीण मागितली की दादा ती देण्याआधी तीनदा पुसायचा, तीनदा तपासायचा आणि तरी विचारायचा, "बरोबर आहे ना? बघून घ्या हं एकदा." आधी तो कुणाला असं विचारायचा नाही. कानसेन शक्यतो तळमजल्यावर जायचं टाळायचा. काही हवं असलं तर शिपायाला पाठवायचा.

पुढचं सांगताना मात्र माझंही तोंड कडू होतं. संस्थेत दरवर्षी नव्या भरतीच्या पोरापोरींसाठी व्याख्यानं होतात. आवाजावरून तोफ शोधण्याचं व्याख्यान अर्थातच कानसेनचं. पहिल्या वर्षी कुणीतरी प्रश्न विचारला, की प्रोग्राम कधी चुकला का. कानसेन गोंधळला आणि त्याने दोन अंशांचा किस्सा सांगितला. लोक हसले. दुसऱ्या वर्षी साहेबच म्हणाले, "तो मोजणीदाराचा किस्सा सांगा ना." तिसऱ्या वर्षी त्याने तो आपण होऊन सांगितला. नंतर नंतर तर तो त्यात मीठमसाला घालायला लागला. एक डोळा मिटून, होकायंत्र नाकाशी धरून दादा कसा बघत असेल ते करून दाखवायचा. वर्ग खो खो हसायचा. कुणाचं काही चुकलं, अगदी जेवणाच्या डब्यांची अदलाबदल झाली, तरी संस्थेत म्हणायला लागले, "काय रे, मोजणीदाराची उत्तर धरलीस काय?" आणि ही नक्कल करून घरी आलेल्या संध्याकाळी कानसेन बायकोशी धड बोलायचा नाही. तिला वाटायचं, व्याख्यानाने घसा दुखत असेल. ती पाणी गरम करून द्यायची. तो ते मुकाट्याने प्यायचा आणि त्याला आपलं आपल्यालाच तोंड दाखवावंसं वाटायचं नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. दादा निवृत्त होऊनही पाच-सहा वर्षं झाली होती. कानसेन आता विभागप्रमुख होता, केस पांढरे झाले होते. यंदाचं व्याख्यान सोमवारी होतं आणि त्याच्या आदल्या मंगळवारी संध्याकाळी घरी फोन वाजला.

"ओळखलंस का? मी, मोजणीदार."

कानसेनने ओळखलं. तो म्हणाला, "दादा, बोला ना."

"अरे, माझा भाचा गेल्या वर्षी तुमच्याकडे लागला. मामा कोठारात होता एवढंच त्याला माहीत. तो मोजणीदार म्हणजे आपला मामाच, हे त्याला ठाऊक नाही. रविवारी जेवायला आला होता, तर त्याने ताटावर तुझा तो किस्सा सांगितला. नक्कल काय करतो पठ्ठ्या. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग मला वाटलं, चूक आपली, तर सांगायचीही आपणच. लपूनछपून कशाला बसायचं? सोमवारी मी येऊन सांगू का पोरांना? पाचच मिनिटं. पुन्हा कुणी असं करू नये म्हणून. आणि तुलाही एकदा सांगायचं होतं, माझ्यामुळे तेव्हा तुझा प्रोग्राम अडचणीत आला. मनाला लावून घेऊ नकोस."

कानसेनच्या तोंडून "या ना, दादा," एवढंच निघालं. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं कोण होतं, तर त्याने अर्धंमुर्धं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, केवढ्या मनाचा माणूस आहे. दुसऱ्या एखाद्याने तुमच्या दारात पाऊलही ठेवलं नसतं." कानसेन उठून बाल्कनीत गेला आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागला. हे काम त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

बुधवारी त्याने फोन उचलला आणि ठेवला. गुरुवारीही तेच. त्याने मनाशी ठरवलं, व्याख्यानाआधी एकट्यात गाठून सांगायचं, म्हणजे चारचौघांत शोभा नको. शोभा कुणाची, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. रविवारी सकाळी तो खरंच दादाच्या गल्लीत गेला. कोपऱ्यावरच्या सलूनच्या काचेतून दादा दिसला. गळ्याशी पांढरं फडकं बांधून खुर्चीत बसलेला, आणि आरशातल्या न्हाव्याला सांगत होता, "जरा नीट काप बाबा. उद्या भाषण आहे माझं." कानसेन आल्या पावली परत फिरला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला, आणि तरी खिडकीत त्याला आपलंच तोंड दिसत राहिलं.

सोमवारी दादा अर्धा तास आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, बगलेत जुनी मोजणीची वही. कानसेन म्हणाला, "दादा, जरा बाहेर येता का, बोलायचंय." तेवढ्यात तीसेक पोरंपोरी आत शिरली, दादा पहिल्या रांगेत बसला आणि म्हणाला, "आता मागाहून बोलू रे." आणि खरं सांगायचं तर कानसेनला सुटल्यासारखं वाटलं.

त्याने व्याख्यान सुरू केलं. भांडं पडल्याचं उदाहरण दिलं, पडद्यावर सहा मायक्रोफोनांची रांग दाखवली. किस्सा यायची वेळ झाली. "आज ते स्वतःच आलेत," एवढं म्हणून तो बाजूला झाला.

दादा उठला. वर्गात खसखस पिकली, कारण मागच्या बॅचकडून किस्सा सगळ्यांच्या कानावर आलेला होता. दादा हसणाऱ्यांकडे बघून स्वतःही जरा हसला.

"तो मोजणीदार मी," तो म्हणाला. "मला बोलायची सवय नाही. थोडक्यात सांगतो. खुंटी ठोकताना घाई करू नका. मी केली असणार. तेव्हा मी छातीठोकपणे सांगत होतो, सूर्य बघितला म्हणून. पुष्कळ वर्षं तसंच म्हणत होतो. पण गणित काही खोटं बोलत नाही ना. माणूसच आपली समजूत घालून घेतो. विचार करकरून आता मला आठवायलाही लागलंय. मी होकायंत्र उचललं होतं. काळ्या डबीतलं. ते हातात गार लागल्याचंसुद्धा आठवतं."

कानसेन भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर तो पाणावलेला डावा डोळा होता, आणि बोटांना संत्र्याचा चिकटपणा. होकायंत्र त्या दिवशी गाडीतून बाहेरच काढलं नव्हतं. या माणसाचं काम काढून घेतलं, नाव घालवलं, ते होतंच. पण त्या सकाळची त्याची खरी आठवणसुद्धा आपण काढून घेतली आणि तिथे खोटी बसवून दिली. हे मात्र त्याला सोसवेना.

"दादा," तो म्हणाला, "जरा बसा. मला एक दाखवायचंय."

तो संगणकापाशी गेला. "हा प्रोग्रामचा शोधणारा भाग," तो वर्गाकडे न बघता म्हणाला. "यात वाऱ्याची एक ओळ आहे. चाचणीच्या दिवशी ती चुकीची होती. मी वारा उलटा धरला होता. आता मी मुद्दाम तसाच करतो." त्याने अधिकच्या जागी उणे केलं. मग लुटुपुटूची तोफ आठ किलोमीटरवर ठेवली, डावीकडून सेकंदाला सहा मीटर वारा सोडला. माळावर त्या दुपारी होता तेवढाच. "खुंट्या सगळ्या बरोबर आहेत. एकही हललेली नाही," तो म्हणाला आणि कळ दाबली.

पडद्यावर तोफेच्या खुणेपासून लांब उजवीकडे एक लाल ठिपका उमटला. खाली आकडा आला, दोनशे ब्याऐंशी.

पोरांना लगेच कळलं नाही. दादाला कळलं. तो आकडा उशाशी घेऊन त्याने एकोणीस वर्षं काढली होती. तो उठून पडद्याजवळ गेला, मान वर करून बघत राहिला आणि मग पडद्याकडेच बघत त्याने विचारलं, "ही ओळ सुधारलीस कधी?"

"गुरुवारी."

"कोणत्या गुरुवारी?"

"समितीच्या आधीच्या," कानसेन म्हणाला. "सोमवारी मला सगळं माहीत होतं, दादा. तुम्ही सूर्य बघितलात तेही मी बघितलं होतं. मी खोटं बोललो. आणि नंतर इथे उभं राहून दरवर्षी तुमची नक्कल केली."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही मिटली. कानसेनला वाटलं, आता दादा ओरडेल, थोबाडीत देईल, काहीही करेल तर बरं. दादाने यातलं काही केलं नाही. तो आपल्या जागेवर गेला, वही उचलली, टेबलापाशी येऊन उभ्या उभ्या पानं उलटली. पान पिवळं पडलं होतं. कोन, वेळ, तारीख, सगळं त्याच्या ठाशीव अक्षरात. खाली साक्षीदारापुढची जागा रिकामी होती. खिशातलं पेन काढून त्याने पानावर ठेवलं.

"कर."

कानसेनने सही केली. सहीखाली तारीख लिहायला गेला आणि सवयीने त्याने वरच्या ओळीतल्या तारखेकडे बघितलं.

"ती नको," दादा म्हणाला. "आजची घाल."

कानसेनने आजची तारीख घातली. दादाने वही हातभर लांब धरून सही बघितली, शाई वाळेपर्यंत थांबला आणि ती पुन्हा बगलेत मारली. दारापर्यंत जाऊन तो वळला.

"रविवारी भाचा जेवायला येतो. त्या दिवशी जे जे हसले ते सगळे असतात. तू ये. त्यांना तू सांगायचंस," तो म्हणाला. "आणि तुझ्या वहिनीलाही. एकोणीस वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नाही, खरंच चुकलात का म्हणून. अलीकडे मीच तिला सांगायला लागलो, चुकलो म्हणून."

कानसेनने खाली मान घालून होकार दिला.

"ऐकू आलं ना?" दादाने विचारलं.

"आलं," तो म्हणाला.